मीठ जास्त झालं का?

अक्कांच्या छातीत यंत्र बसवलं आणि आमच्या घरचा फोन वाजेनासा झाला.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे गेले आणि कराडच्या सोमवार पेठेतल्या तीन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. त्या एक्क्याऐंशीच्या, मी चौऱ्याहत्तरची. मकरंद हा त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात एडमंटनला असतो. मला मूल झालं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि अक्का सकाळी बालवाडीत शिकवायला जात. त्यामुळे त्याची अंघोळ, त्याचे पाढे, पडून आला की गुडघ्याला हळद, हे सगळं माझ्याकडे आलं. तो आईला आई म्हणे आणि मला काकू, पण झोपेत दचकला की हाक मला मारी. अक्कांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. "अर्धा तुझा," म्हणायच्या, "डावीकडचा की उजवीकडचा तेवढं ठरव."

त्या काळी फोन खालच्या औषधाच्या दुकानात होता. कुणाला नंबर द्यायचा झाला तर पुढे कंसात 'पीपी', म्हणजे शेजारचा फोन, असं लिहायचं. दुकानदार रस्त्यात येऊन ओरडे, "वाळिंबे, पुण्याचा फोन!" आणि जिना उतरेपर्यंत आम्ही देवाचं नाव घेत असू, कारण फोन आला म्हणजे कुणी तरी गेलं किंवा कुणी तरी जन्मलं. पुढे मकरंद परदेशी गेला आणि फोनची भीती मोडली. सोळा वर्षं रोज सकाळी साडेसातला त्याचा फोन येई. तिथे तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असे, जेवणं झालेली असत. तो तीनच प्रश्न विचारी. झोप लागली का, खोकला कसा आहे, आज काय केलंय जेवायला. अक्का तीन उत्तरं देत आणि मग त्यांचं बोलणं सुरू होई. मी चहा गाळता गाळता ऐकत असे. शेवटी "काकूला दे" असं तो म्हणे आणि मलाही तेच तीन प्रश्न विचारी.

गेल्या वर्षी अक्कांचं हृदय मोठं झालं, ढिलं पडलं. दोन बाजू एका वेळी आकसत नव्हत्या. पुण्याला नेऊन छातीत डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. त्याच्या तारा हृदयात गेल्या. घरी आणल्यावर आठ दिवसांनी देखरेख केंद्रातली एक मुलगी आली. फरझाना मुजावर, मिरजेची. पलंगाशेजारच्या फळीवर तिने एक पांढरा डबा ठेवला आणि दुसरी एक गोळ्यांची पेटी, जिचं झाकण आपोआप उघडायचं.

"हा डबा काय करणार?" अक्कांनी विचारलं.

"तुमच्या छातीतलं यंत्र रोज पहाटे याच्याशी बोलणार, काही बिघडलं तर त्याच क्षणी, आणि हा पुण्याला आमच्याशी."

"काय बोलणार? माझ्या चहाड्या?"

फरझाना हसली. मग पलंगावर बसून तिने नीट समजावलं. अशा दुखण्यात माणूस एकदम आजारी पडत नाही, म्हणाली. आधी फुप्फुसांत पाणी साठायला लागतं. धाप लागेपर्यंत त्याचा पत्ता नसतो, आणि धाप लागली की दवाखान्यात पळावं लागतं. "मावशी, न्हाणीघरातल्या ओल्या भिंतीला हात लावून कधी मुंग्या आल्यात?"

"आमच्या जुन्या बटणाला रोज यायच्या," मी म्हटलं.

"तेच. कोरडी भिंत वीज अडवते, ओली जाऊ देते. हृदयातल्या तारेच्या टोकापासून यंत्रापर्यंत आम्ही अगदी बारीक वीज सोडतो. तुम्हाला कळतसुद्धा नाही. वाटेत फुप्फुस लागतं. त्यात हवा असली की वीज अडते. पाणी साठायला लागलं की ती सहज जाते. किती अडली हे आम्ही रोज मोजतो. तो आकडा उतरायला लागला की धाप लागायच्या आठ-दहा दिवस आधी आम्हाला कळतं."

लाखो लोकांच्या हृदयांवरून पुण्याच्या केंद्रातलं, आकडे वाचणारं यंत्र शिकलं होतं, आणि आता सहा आठवडे ते एकट्या अक्कांना शिकणार होतं. त्या किती चालतात, किती वेळा कूस बदलतात, श्वास किती घेतात. आकडा उतरला की ते स्वतःच गोळ्यांच्या पेटीला हुकूम देणार, पेटी पाणी काढायची एक जादा गोळी पुढे सरकवणार, आणि मुलाच्या फोनवर पिवळी सूचना जाणार. सगळं ठीक असलं तर रोज सकाळी हिरवी.

मकरंद त्या दिवशी फोनवर फार खुशीत होता. "आई, आता मला तुझी काळजी नाही. ऑफिसातून निघतानाच कळेल की तू बरी आहेस."

पहिल्या आठवड्यात त्याचा फोन रोज आला. मग एक दिवसाआड. मग रविवारी. मग एका रविवारी आला नाही आणि पुढच्या रविवारी अक्कांनीच केला, तर तो म्हणाला, "अगं, तुझं हिरवं आलंय की, कशाला काळजी करतेस?"

अक्कांनी फोन ठेवला. "त्याला माझी झोप कळते, शैला. किती पावलं चालले ते कळतं. मग विचारायला काय उरलं?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारा की त्याला. त्याच्या छातीत कुठे डबा आहे?"

"विचारलं. म्हणाला, 'मी ठीक.'"

पुढच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न झालं. अक्का मला न जुमानता पंगतीला बसल्या आणि दोन वेळा मठ्ठा, पापड, मिरची असं सगळं जेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून एक जादा गोळी पुढे आली आणि पंधरा मिनिटांत फोन वाजला.

"आई! काय होतंय तुला?"

"काही नाही रे. बसलेय."

"धाप? पाय सुजलेत? काकूला बघायला सांग. नाही, कॅमेरा लाव, मीच बघतो."

त्याने पाय बघितले, चेहरा बघितला. मग धीर आल्यावर बसला आणि पाऊण तास बोलला. त्याच्या गुडघ्याचं, नातीला पहिला दात आल्याचं, तिकडे गवारीच्या शेंगा कुठे मिळतात त्याचं. अक्कांनी त्याला गवारीत ओवा घालायला सांगितलं. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज वरच्या पट्टीत गेलेला मी ऐकला. गोळीने पाणी उतरलं, दोन दिवसांत पुन्हा हिरवं आलं आणि फोन पुन्हा गप्प झाला.

पुढच्या गुरुवारी जेवताना अक्कांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. "भातावर थोडा खार घाल."

"लोणच्याचा? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"दोन चमचे घाल. आज गुरुवार. परवा सकाळी पिवळं येईल. त्याच्याकडे तेव्हा शुक्रवार संध्याकाळ असते. दुसऱ्या दिवशी सुट्टी. निवांत बोलेल."

सगळा हिशेब त्यांनी पंचांगासारखा मांडून ठेवला होता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही शेवटी "काकूला दे" ऐकायचं होतं. मी चार चमचे घातले.

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला.

त्यानंतर पाच महिन्यांत आम्ही हे नऊ वेळा केलं. गुरुवारला आम्ही मिठाचा दिवस म्हणायचो. अक्का बुधवारपासूनच कामाला लागत, काय सांगायचं, काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेवत. एकदा खार कमी पडला आणि शनिवारी हिरवंच आलं, तेव्हा त्या माझ्यावर इतक्या रागावल्या की दुपारपर्यंत बोलल्या नाहीत. "इतकी वर्षं स्वयंपाक केलास, मिठाचा अंदाज येत नाही तुला?" आणि मग दोघी पोट धरून हसलो.

नवव्या वेळेनंतर अक्का मोरीत चक्कर येऊन पडल्या. डोक्याला टाका पडला नाही एवढंच. रक्त तपासलं तर क्षार फार उतरलेले. पाणी काढायच्या जादा गोळ्यांनी पाण्याबरोबर शरीराला हवं तेही बाहेर काढलं होतं. त्याच संध्याकाळी मला फरझानाचा फोन आला.

"मावशी, एक विचारू? अक्कांचं पाणी शनिवारीच का वाढतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माणसाचं हृदय वार बघत नाही, मावशी."

मी सांगून टाकलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "माझी आजी असती तर तिनेही हेच केलं असतं. पण मला डॉक्टरांना सांगावं लागेल. आणि मुलालाही."

मकरंदचा त्या दिवशीचा फोन मी विसरणार नाही. तो ओरडला नाही. हळू आवाजात बोलत होता, तेच जास्त लागत होतं. "आई, पिवळं आलं की माझे हात गार पडतात. गाडी चालवत असलो तर रस्त्याच्या कडेला थांबवतो. आणि तुम्ही दोघी तिकडे लोणचं खात होतात?"

अक्का एवढंच म्हणाल्या, "तू बोलायचास रे."

"बोलायला मरायची भीती घालावी लागते का?"

अक्कांनी फोन माझ्या हातात दिला. मग तो माझ्याशी बोलला. डॉक्टरांनी नवी पद्धत ठरवली होती. मिठाने वाढलेलं पाणी मीठ बंद केलं की दोन दिवसांत आपोआप उतरतं. त्यासाठी गोळी देणं अक्कांच्या मूत्रपिंडांना परवडणारं नव्हतं. म्हणून यापुढे आकडा उतरला की आधी माझ्या फोनवर प्रश्न येणार: 'गेल्या दोन दिवसांत मीठ जास्त झालं का?' मी 'नाही' म्हटलं तर लगेच गोळी, लगेच सूचना. 'हो' म्हटलं तर यंत्र दोन दिवस वाट बघणार, आणि मकरंदला उगाच घाबरवणार नाही.

"काकू," तो म्हणाला, "आईच्या शब्दावर माझा आता विश्वास नाही. तुमच्यावर आहे."

मला बरं वाटलं. ते इथे लिहून ठेवते. त्या क्षणी मला अक्कांसाठी वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं.

अक्कांनी मीठ सोडलं. हट्टाने सोडलं, अळणी भाकरी खायच्या. गुरुवार आले आणि गेले. दोन महिन्यांनी मकरंदने आपण होऊन फोन केला, दिवाळीला येतो म्हणाला. दहा मिनिटं बोलला. रागाचा विषय त्याने काढला नाही, अक्कांनीही काढला नाही. त्या दिवसापासून अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, पण माझं लक्ष गेलं की नजर फिरवत.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या फोनवर प्रश्न आला.

गेल्या दोन दिवसांत मीठ जास्त झालं का? खाली दोन चौकोन. हो. नाही.

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती बरणी. त्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याची नवी बरणी मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती आणि तोंडावर दादऱ्याचं फडकं बांधून निरगाठ मारली होती. मी स्टूल घेऊन चढले. दादऱ्याला सरगाठ होती. अक्कांच्या हाताची, शाळेतल्या मुलींच्या रिबिनीला मारतात तसली.

मी खाली उतरले. अक्का खिडकीशी तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, प्रश्न आलाय."

"कसला?"

"मिठाचा."

त्यांनी मान वर केली. "मी नाही खाल्लं, शैला."

"दादरा कुणी सोडला मग?"

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी."

"कशाला?"

"बघायला. मुरलंय का ते."

"चव न घेता कळतं वाटतं?"

"रंगावरून कळतं," त्या म्हणाल्या. "खरंच नाही गं खाल्लं."

आणि मी हसले. इतकी वर्षं ओळखत होते त्यांना. दिवाळीला दीड महिना होता, एवढा धीर निघाला नसेल, त्याचा आवाज ऐकायचा असेल, असं वाटलं. राग नव्हता. उलट लाडात घेतलं मी ते. म्हटलं, "बरं बाई, नाही खाल्लं," आणि 'हो' दाबलं. 'नाही' दाबलं असतं तर त्याची गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला थांबली असती. त्याने माझ्यावर विश्वास टाकला होता.

बुधवारी अक्का दुपारी आडव्या झाल्या नाहीत. दोन उशा पाठीशी घेऊन बसूनच डोळे मिटले. "आडवं झालं की बरं वाटत नाही," म्हणाल्या.

"उतरेल उद्यापर्यंत," मी म्हटलं. "खार असाच उतरतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

गुरुवारी अकराच्या सुमारास मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून दोडके सोलत होते. त्या खुर्चीत. मी त्यांना खालच्या मजल्यावरच्या मुलीचं सांगत होते, तिला दिवस गेलेत असं. माझा फोन वाजला. फरझाना.

"मावशी, अक्का कुठे आहेत?"

"या काय, समोर बसल्यात."

"त्यांना हाक मारा."

"का गं?"

"मावशी, हाक मारा."

मी मारली. मग मोठ्याने मारली. मग उठून खांद्याला हात लावला. छातीतलं यंत्र तेव्हाही ठोके देत होतं, असं फरझानाने मला नंतर सांगितलं. वीज सोडत होतं, पण हृदय ती उचलत नव्हतं. दवाखान्याची गाडी सहा मिनिटांत आली. गाडीतल्या डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यंत्र अंगात ठेवून अग्नी देता येत नाही, आतली बॅटरी फुटते. म्हणून दवाखान्यात ते काढून घेतलं. माझी सही घेतली. मला वाटलं होतं रक्ताने भरलेलं काही देतील. एका पारदर्शक पिशवीत स्वच्छ पुसलेलं यंत्र होतं, वर अक्कांचं नाव, आणि ते तपासणीसाठी पुण्याला जाणार होतं.

मकरंद तिसऱ्या दिवशी सकाळी पोचला. तोवर आम्ही अक्कांना दवाखान्यात ठेवलं होतं. त्याने सगळं केलं. केस उतरवलेला तो चोपन्न वर्षांचा माणूस जेवणघरात भिंतीला टेकून बसला होता, तेव्हा मला त्याच्या मुंजीतला चेहरा दिसला. भेटायला येणाऱ्यांना तो सांगे, "काकूंनी शेवटपर्यंत केलं. त्यांचा काही दोष नाही. आईनेच पथ्य मोडलं." लोक गेले की मला म्हणे, "काकू, मी फोन करत राहिलो असतो तर तिने खाल्लं नसतं ना?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेराव्यानंतर तो परत गेला. मग मी अक्कांची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, लाखेने बूच बंद केलेली एक बाटली होती. नव्या लोणच्याची. वर कागद चिकटवलेला, बालवाडीतल्या फळ्यावर लिहायच्या तशा टपोऱ्या अक्षरांत: मकू.

आमच्या सासूबाईंची एक रीत होती. नवं लोणचं मुरलं की घरातल्या कुणी चमचा घालायच्या आधी परगावी असलेल्याचा वाटा काढून ठेवायचा. मकरंदला रक्तदाब निघाला, त्याने पाठवू नका सांगितलं, तेव्हापासून आठ-दहा वर्षं ती रीत बंद होती. मी विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या. आणि लोणच्यावरून एवढं झाल्यावर पुन्हा त्याच्यासाठी लोणचंच भरतेय हे मला सांगायची त्यांना लाज वाटली असणार. म्हणून म्हणाल्या, बघायला.

मी ट्रंकेपाशी जमिनीवर बसले ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही.

परत गेल्यापासून मकरंद मला रोज फोन करू लागला होता. सकाळी साडेसातला. झोप लागली का, खोकला कसा आहे, आज काय केलंय जेवायला. "आईला करायचे राहिले ते तुम्हाला करतोय," एकदा म्हणाला. अक्कांनी जे जीव टाकून मागितलं ते मला न मागता मिळत होतं. लिहायला लाज वाटते, पण मी सात वाजताच वेणी घालून, चहा घेऊन फोनजवळ बसू लागले.

दीड महिन्याने फरझाना घरी आली. फोनवर नको म्हणून मुद्दाम आली. तिने पिशवीतून कागद काढले. त्यांवर दोन रेघा होत्या.

"ही बघा, मिठाच्या दिवसांची रेघ. दोन दिवसांत धाडकन खाली. आणि ही शेवटची." ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी होती, अगदी सावकाश उतरत गेलेली. "अकरा दिवस उतरत होती, मावशी. हे मिठाचं नाही. हृदयच थकत चाललं होतं."

"मग तुमच्या यंत्राला कळलं नाही?"

"अर्धवट कळलं, तेही नवव्या दिवशी, इतकं सावकाश उतरत होतं. म्हणून तर विचारलं. तुम्ही हो म्हणालात. माणूस घरात असतो, त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं, म्हणून यंत्र माणसाचं उत्तर खरं धरतं. आम्हीच त्याला तसं शिकवलंय."

"गोळी मिळाली असती तर?"

तिने कागद उलटा ठेवला. "तेव्हा धाप लागली नसती. दिवाळी बघितली असती, असं डॉक्टर म्हणतात. त्यापुढचं सांगता येत नाही."

मग तिने येण्याचं खरं कारण सांगितलं. गेलेल्या माणसांच्या नोंदी यंत्राला शिकवायला वापरतात. अक्कांची नोंद माझ्या उत्तरासकट आत जाणार होती. म्हणजे यंत्र शिकणार की अशी सावकाश उतरणारी रेघही मिठाची असू शकते. पुढे दुसऱ्या कुणाची अशी रेघ दिसली, की ते थांबून बघणार. "सांगलीला एक आजी आहेत," फरझाना म्हणाली. "सुनेशी भांडण झालं की वाटीभर चिवडा खातात. त्यांच्यासारखे आमच्याकडे तीनशे जण आहेत."

"मी उत्तर बदललं तर?"

"तर यंत्र बरोबर शिकेल. पण बदललेला अहवाल वारसाला जातो. म्हणजे मकरंददादांना." ती कागद गोळा करू लागली. "सक्ती नाही, मावशी. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. काही केलं नाहीत तर आहे तसं जाईल."

मी महिनाअखेर जवळ येईपर्यंत काही केलं नाही. रोज फोन येत होता. एका सकाळी त्याने विचारलं, तुम्ही इकडे येऊन राहाल का, खोली तयार करतो. मी अठ्ठावीस तारखेला ठरवलं आणि एकोणतीसला बदललं. सांगलीच्या त्या बाईचा चेहरा मला माहीत नव्हता, तरी तो डोळ्यांसमोर आला की तांदूळ निवडत खिडकीशी बसलेला दिसे आणि मान वर करून म्हणे, मी नाही खाल्लं.

तीस तारखेला दुपारी मी फोन घेतला. तोच प्रश्न, तेच दोन चौकोन. मी 'नाही' दाबलं. खाली विचारलं होतं, बदलाचं कारण. मी लिहिलं: त्या खरं बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला नाही. दुपारी आला. मी उचलला.

"काकू, अहवाल वाचला."

"हं."

"आईने सांगितलं होतं तुम्हाला? खाल्लं नाही म्हणून?"

"सांगितलं होतं. दोनदा."

"काय म्हणाली? नेमकं सांगा. जसं बोलली तसं."

मी सांगितलं. दादऱ्याचं, बघायला सोडला म्हणाल्या ते, रंगावरून कळतं म्हणाल्या ते. ट्रंकेतल्या बाटलीचं सांगितलं, वर त्याचं नाव आहे तेही.

"आणि तुम्ही?" त्याने विचारलं. "ती खरंच नाही गं म्हणाली, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"मी हसले, मकू."

"आणि ती?"

मला ते कुणाला सांगायचं नव्हतं. फरझानालाही सांगितलं नव्हतं. पण त्याने जसं झालं तसं मागितलं होतं.

"माझ्याकडे बघितलं," मी म्हटलं. "आणि मग त्याही हसल्या."